बाबांचं वर्कशॉप प्रायव्हेट लिमिटेड केलंय? मग मशीनची किंमत आणि कंपनीतला पैसा, दोन्हीचा टॅक्स आधी समजून घ्या

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागात गेल्या काही वर्षांत एक प्रकार वाढलाय. बाबांनी एका लेथवर सुरू केलेलं वर्कशॉप पोरगा इंजिनिअरिंग करून आल्यावर प्रायव्हेट लिमिटेड करतो, बोर्ड बदलतो, व्हिजिटिंग कार्डावर डायरेक्टर छापतो, आणि व्यवहार मात्र पहिल्यासारखाच ठेवतो, म्हणजे घरात लागले की कंपनीच्या खात्यातून उचल आणि बँकेनं कर्जाचं लिमिट वाढवून देतो म्हटलं की मशीनची किंमत वाढवून ताळेबंद फुगव. मी टिळकवाडीत एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करतो. सीए नव्हे, पण सीएच्या टेबलावर फाइल जायच्या आधी ती आमच्याच हातातून जाते, त्यामुळं कोण कुठं अडकतंय ते रोज बघतोय. नवीन कंपनीवाल्यांना जे तोंडी सांगून सांगून घसा बसला ते इथं क्रमानं लिहितोय.

त्याआधी दोन गोष्टी. यूट्यूबवर मराठीत टॅक्सचे व्हिडिओ भरपूर आहेत, बहुतेक पुण्या-मुंबईचे. इन्कम टॅक्स देशभर एकच असल्यामुळं ते ऐकलं तर चालतंय, पण स्टॅम्प ड्युटी, जमिनीची सरकारी किंमत, प्रोफेशनल टॅक्स हा राज्याचा मामला. जमिनीच्या सरकारी किमतीला पलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीला रेडी रेकनर म्हणतात, आपल्याकडं कर्नाटकात गाइडन्स व्हॅल्यू, आणि ती सरकारच्या कावेरी पोर्टलवर बघायची. दुसरं म्हणजे कलमांचे नंबर. मी १९६१ च्या कायद्यातलेच नंबर लिहितोय कारण सगळे अजून तेच बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात नंबर बदललेत, तेव्हा सीएनं दुसरा नंबर सांगितला तर दचकू नका.

पायरी १: एका मशीनला किती किमती असतात ते वहीत लिहा

खरंच वही घ्या आणि एका मशीनसमोर चार रकाने पाडा. पहिला, कंपनीच्या पुस्तकातली किंमत, म्हणजे कंपनी कायद्याप्रमाणं घसारा (मशीन झिजतं म्हणून दरवर्षी किमतीतून कापायची रक्कम) वजा करून उरलेली. दुसरा, इन्कम टॅक्सची किंमत, तिला डब्ल्यूडीव्ही म्हणतात, तिथं घसाऱ्याचे दर वेगळे. तिसरा, बाजारभाव, आज विकलं तर काय येतील ते. चौथा, बँकेच्या व्हॅल्युअरनं लिहिलेला आकडा, जो बऱ्याचदा बाजारभावाच्याही वर असतोय, का ते तुम्हाला माहीत आहे. जमीन-इमारतीला पाचवा रकाना, गाइडन्स व्हॅल्यू.

या पाचही किमती एकाच वेळी बरोबर असू शकतात कारण प्रत्येकीचं काम वेगळं. एका कामाची किंमत दुसऱ्या कामाला लावली की गडबड होते, आणि आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या सात भानगडी या एकाच चुकीच्या असतात.

पायरी २: मशीन घेताना टॅक्सची किंमत पहिल्याच दिवशी ठरवा

समजा २४ लाखांचं सीएनसी घेतलं, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख ३२ हजार. हा जीएसटी तुम्ही इनपुट क्रेडिट म्हणून घेणार असाल, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा करून घेणार असाल, तर मशीनची किंमत २४ लाखच धरायची. जीएसटी मशीनच्या किमतीत घालून घसाराही घ्यायचा आणि क्रेडिटही घ्यायचं, असं दोन्हीकडून चालत नाही. गाडीभाडं, फाउंडेशन, बसवायचा खर्च, मशीन सुरू होईपर्यंतचं कर्जाचं व्याज हे किमतीत जातंय. त्या मशीनसाठी सरकारी सबसिडी मिळाली तर तेवढी किंमत कमी करायची, हे लोक हमखास विसरतात.

रोखीचं बघा. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरतच नाहीत. राजकोटहून आलेलं जुनं लेथ कुणाकडून तरी ३ लाखांना घेतलं, २ लाख चेकनं आणि १ लाख रोख दिले, तर टॅक्सच्या पुस्तकात ते लेथ २ लाखांचंच. वरचे १ लाख गेले, त्यावर जन्मभर घसारा नाही.

आता तारीख. साध्या मशिनरीला घसारा १५ टक्के, कॉम्प्युटरला ४०, फर्निचरला १०, कारखान्याच्या इमारतीला १०. जमिनीला काहीच नाही, जमीन झिजत नाही म्हणून. पण घेतलेल्या वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर दर निम्मा. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत मशीन चालू झालं पाहिजे, लीप वर्ष असलं तर ४. आणि आपल्याकडं काय, खंडेनवमीला पूजा करूनच बटण दाबायचं. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता म्हणून जमलं, २०२६ ला तो २० ऑक्टोबरला आहे. पूजा जरूर करा, मीपण करतो, पण मशीन सप्टेंबरात चालवून बघा आणि पहिल्या जॉबचं बिल, जॉबकार्ड काहीतरी कागद ठेवा, कारण नुसतं मशीन येऊन पडलं म्हणजे वापर झाला असं होत नाही.

वरचंच सीएनसी २० ऑक्टोबरला सुरू केलं तर ३१ मार्चपर्यंत १६३ दिवस, म्हणून पहिल्या वर्षी साडेसात टक्के, १ लाख ८० हजार. उरले २२ लाख २० हजार. पुढच्या वर्षी त्याच्यावर १५ टक्के, ३ लाख ३३ हजार, उरले १८ लाख ८७ हजार. तिसऱ्या वर्षी २ लाख ८३ हजार आणि वर थोडे, उरले साधारण १६ लाख ४ हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नव्या मशीनवर २० टक्के जादा घसारा मिळतो असंही कुणीतरी सांगेल. तो कंपनीनं २२ टक्क्यांचा कमी दर निवडला नसेल तरच. सरचार्ज आणि सेस धरून तो दर २५.१६८ टक्के होतो, बहुतेक नव्या कंपन्या तोच घेतात, आणि मग जादा घसारा विसरायचा.

आणि हे सगळं एकेका मशीनचं नसून ब्लॉकचं असतंय. १५ टक्केवाली सगळी मशीनं एका टोपलीत. उद्यमबागेत तीन आणि शिनोळीला दोन असली तरी कंपनी एक असेल तर इन्कम टॅक्सला टोपली एकच. जीएसटीला मात्र कर्नाटकचा २९ नंबर आणि महाराष्ट्राचा २७ नंबर ही दोन वेगळी माणसं, त्यामुळं उद्यमबागेतलं मशीन नाका ओलांडून स्वतःच्याच शिनोळीच्या शेडमध्ये कायमचं न्यायचं म्हटलं तरी बिल करून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लावावा लागतोय. अंतर किती तर अर्ध्या तासाचं.

पायरी ३: बाबांच्या नावावरचं कंपनीत आणताना घाई नको

सगळ्यात जास्त पैसे इथं वाचतात किंवा जातात, म्हणून जरा सावकाश.

प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, धंदा कंपनीला दिला म्हणजे कायद्याच्या नजरेत बाबांनी आपली मालमत्ता कंपनीला विकली. बाबा वेगळे, कंपनी वेगळी. मग त्यावर कॅपिटल गेन, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या फायद्यावरचा टॅक्स, लागायला पाहिजे. पण कलम ४७(१४) मध्ये सूट आहे आणि तिच्या अटी सरळ आहेत: धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीत आली पाहिजेत, बाबांकडं कंपनीचे निदान ५० टक्के मतदानाचे शेअर पाहिजेत आणि ते तसे पाच वर्षं राहिले पाहिजेत, आणि बाबांना मोबदला म्हणून शेअरशिवाय दुसरं काहीही मिळता कामा नये.

ही शेवटची अट लोक मोडतात, आणि मोडली हे कळतही नाही. होतं काय, धंद्याची निव्वळ किंमत येते ४० लाख, कंपनीचं भांडवल ठेवलेलं असतं १ लाख, मग अकाउंटंट १ लाखाचे शेअर देतो आणि उरलेले ३९ लाख टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरात) बाबांच्या लोन खात्याला जमा करून मोकळा होतो. झालं, मोबदला शेअरशिवाय दुसराही मिळाला, सूट गेली. पूर्ण ४० लाखांचे शेअरच द्यायचे, प्रीमियमसकट द्या पाहिजे तर.

दुसरी मोडायची पद्धत घरगुती. तिसऱ्या वर्षी बाबा म्हणतात, माझं वय झालं, सगळे शेअर पोराच्या नावावर कर. भावना चांगली, पण बाबा ५० टक्क्यांच्या खाली गेले की पूर्वी माफ झालेला गेन त्या वर्षात कंपनीचं उत्पन्न म्हणून जिवंत होतो, आणि टॅक्स भरायचा पोराच्या कंपनीनं. पाच वर्षं थांबा, बाबांना खुर्चीवर बसू द्या.

कंपनीत आलेल्या मशीनची टॅक्सची किंमत जुन्या धंद्यातली डब्ल्यूडीव्हीच पुढं चालते. धंदा कंपनीत आणताना व्हॅल्युअर बोलावून २० लाखांची मशिनरी ५० लाखांची लिहिली म्हणून घसारा ५० वर मिळत नाही. आणि त्या वर्षाचा घसारा बाबा आणि कंपनी यांच्यात दिवसांप्रमाणं वाटला जातो.

जमिनीचं वेगळं बोलतो. उद्यमबागेतला प्लॉट बाबांच्या नावावर असला आणि धंद्याच्या ताळेबंदात कधी आलाच नसेल, तर मी तरी म्हणेन तो बाबांकडंच राहू दे. इन्कम टॅक्समध्ये सूट मिळाली तरी स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी राज्याची, ती गाइडन्स व्हॅल्यूवर द्यावी लागते, आणि ती परत मिळत नाही. केआयएडीबीचा, म्हणजे कर्नाटकच्या औद्योगिक क्षेत्र मंडळाचा, प्लॉट असला तर त्यांची परवानगी वेगळी. त्यापेक्षा बाबांनी जागा कंपनीला भाड्यानं द्यायची. रजिस्टर्ड करार करा. महिना भाडं ५० हजारांच्या वर गेलं तर कंपनीनं १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स, कापायचा. बाबांचा जीएसटी नंबर नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून धंद्याच्या जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी कंपनीनंच रिव्हर्स चार्जमध्ये भरायचा आणि क्रेडिट घ्यायचं. आणि बाबांना घरभाड्याच्या हेडखाली ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची एकही पावती न दाखवता. प्लॉट आधीच ताळेबंदात असेल तर मात्र "सगळी मालमत्ता" या अटीत तो येतो, तेव्हा कंपनी काढायच्या आधी सीएशी बसा, नंतर नव्हे.

पायरी ४: बँकेसाठी किंमत वाढवली तर काय होतं आणि काय होत नाही

तीन वर्षं झाली, आपलं ते सीएनसी टॅक्सच्या पुस्तकात १६ लाख ४ हजारांवर आलंय. बँकेचा व्हॅल्युअर आला, ३० लाख लिहून गेला. काही जण लगेच ताळेबंदात ३० लाख दाखवतात, वरचा फरक रिव्हॅल्युएशन रिझर्व्हला.

यावर इन्कम टॅक्स लागत नाही, कारण काही विकलेलं नाही. घसाराही वाढत नाही, तो १६ लाख ४ हजारांवरच. आणि या फुगलेल्या रिझर्व्हमधून डिव्हिडंड वाटता येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२३ मध्ये स्पष्ट आहे की डिव्हिडंडसाठी नफा काढताना मालमत्तेची किंमत वाढवल्यामुळं दिसणारा, प्रत्यक्ष हातात न आलेला फायदा वगळायचा. मग मिळालं काय, तर बँकेच्या फाइलला एक कागद. एकदा एकानं मला विचारलं, रिझर्व्हमध्ये १४ लाख दिसतात ते आम्ही दोघा भावांनी सात-सात घेऊ काय? म्हटलं, ते मशीनच्या पत्र्यात आहेत, काढून घे की.

शिल्लक मालाचं थोडक्यात: खरेदी-उत्पादन खर्च आणि विकून येणारी निव्वळ किंमत यातली जी कमी असेल ती. शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांनी जुन्या डिझाइनचा माल खर्चाच्या खाली दाखवला तर चालतंय, पण किती कमी आणि का याचा कागद ३१ मार्चलाच करून ठेवायचा, नोटीस आल्यावर नव्हे. आणि दरवर्षी पद्धत तीच.

पायरी ५: विकताना

मशीन विकलं की आलेली रक्कम टोपलीतून वजा होते. टोपलीत ४० लाख आहेत, जुनं मशीन ९ लाखांना गेलं, उरले ३१, त्यावर घसारा चालू. पुस्तकात त्या मशीनवर फायदा दिसला तरी इन्कम टॅक्सला त्या वर्षी काही नाही. टोपलीपेक्षा जास्त रक्कम आली तर मात्र जास्तीची रक्कम शॉर्ट टर्म गेन, मशीन वीस वर्षं वापरलेलं असलं तरी. टोपलीतली सगळी मशीनं विकून टाकली तरी हिशेब तिथंच मिटतो, फायदा किंवा तोटा. विक्रीवर जीएसटी लावायचा हे सांगायला नको, तरी सांगतो, भंगारवाल्याला दिलं तरी.

जमीन किंवा शेड विकत असाल तर गाइडन्स व्हॅल्यू आधी काढा. खरेदीखतं कन्नडमध्ये, हिशेब मराठीत, नोटीस इंग्रजीत, अशी आपली तऱ्हा, त्यात आकडे तेवढे तिन्हीकडं सारखे असू द्या. समजा व्यवहार ठरला ६० लाखांना आणि गाइडन्स व्हॅल्यू निघाली ७२ लाख. कायदा १० टक्के फरक सोडून देतो, म्हणजे ६६ पर्यंत चालून गेलं असतं. ७२ आहे म्हणून ५०सी प्रमाणं विकणाऱ्याला ७२ लाख मिळाले असं धरून गेन काढतात. आणि घेणाऱ्याला वरचे १२ लाख फुकट मिळाले असं धरून त्याच्या उत्पन्नात घालतात. दोघंही कापले जातात, एकाच १२ लाखांवर. कर्नाटकात १ ऑक्टोबर २०२३ ला गाइडन्स व्हॅल्यू बऱ्याच वाढल्या, त्यामुळं जुन्या अंदाजावर सौदा करू नका. जागेत खरंच दोष असेल, वाट नाही, वाद आहे, तर असेसमेंटच्या वेळी प्रकरण व्हॅल्युएशन ऑफिसरकडं पाठवा अशी मागणी करता येते. आणि करार आज, खरेदीखत वर्षभरानं असं असेल तर करारादिवशी किंवा त्याआधी थोडी तरी रक्कम बँकेतून द्या, मग कराराच्या तारखेची गाइडन्स व्हॅल्यू धरता येते. इसार रोख दिला तर हा फायदा नाही.

पायरी ६: कंपनीतून घरी पैसे न्यायच्या वाटा, क्रमानं

कंपनीच्या खात्यातले पैसे तुमचे नव्हेत. शेअर तुमचे, कंपनी तुमची, पैसे कंपनीचे. हे पचायला प्रोप्रायटरला दोन वर्षं लागतात.

पहिली वाट पगार. तुम्ही खरंच काम करता, तर डायरेक्टर म्हणून पगार घ्या, बोर्डाचा ठराव करा, दर महिन्याला बँकेतून द्या. कंपनीला तो खर्च म्हणून वजा मिळतो. २०२५-२६ पासून नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर टॅक्स शून्य, पगारदाराला ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे तेवढा पगार घेणाऱ्याकडं ना कंपनीत टॅक्स ना घरात. मग लगेच बायकोच्या नावानंही पगार लावतात. इथं थांबा. तुमच्याकडं कंपनीचे २० टक्के किंवा जास्त शेअर असतील आणि बायकोकडं त्या कामाचं तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण-अनुभव नसेल, तर तिचा पगार तुमच्याच उत्पन्नात धरतात. वहिनी बी.कॉम. आहेत, रोज बिलिंग बघतात, तर ते दाखवता येईल असं ठेवा. नुसती सही करत असतील तर नको. शिवाय कामाच्या मानानं पगार अवाच्या सवा असेल तर ४०ए(२) मध्ये कंपनीचा खर्चच नाकारला जातो.

दुसरी वाट भाडं, ते वर झालं. तिसरी, तुम्ही कंपनीला दिलेल्या कर्जाचं व्याज. डायरेक्टरनं कंपनीला कर्ज देता येतं, फक्त हे पैसे मी दुसरीकडून उसने आणलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं, आणि २० हजार किंवा जास्त रोख अजिबात नाही. वर्षाचं व्याज १० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. कंपनीनं दरवर्षी ३० जूनपर्यंत कंपनी रजिस्ट्रारकडं डीपीटी-३ फॉर्म भरायचा, कायदा हे कर्ज डिपॉझिट धरत नसला तरी.

चौथी डिव्हिडंड. १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंडवरचा टॅक्स कंपनी भरत नाही, ज्याला मिळतो तो आपल्या स्लॅबप्रमाणं भरतो. हिशेब बघा: कंपनीचा नफा २० लाख. २५.१६८ टक्के गेले, राहिले १४ लाख ९६ हजार ६४०. सगळा डिव्हिडंड वाटला आणि घेणारा ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असला तर सेससकट ३१.२ टक्के, म्हणजे आणखी ४ लाख ६७ हजार गेले. हातात १० लाख ३० हजार. २० लाखांतले जवळजवळ निम्मे गेले. म्हणून मी म्हणतो आधी पगार, मग भाडं-व्याज, आणि शेवटी उरलं तर डिव्हिडंड. घरात ज्या शेअरहोल्डरचं दुसरं उत्पन्न थोडं आहे, समजा आईकडं शेअर आहेत, तिथं डिव्हिडंड चांगला बसतो. मात्र शेअर तुम्ही नुकतेच आईला गिफ्ट दिलेत की बायकोला, यात फरक आहे, बायकोला दिलेल्या शेअरचा डिव्हिडंड तुमच्याच खात्यात मोजतात.

द्यायची रीत: घसारा पूर्ण वजा करून नफा काढायचा, अंतिम डिव्हिडंड एजीएममध्ये, म्हणजे शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेत, ठरवायचा, मधला असेल तर बोर्ड ठरवतं. जाहीर केल्यापासून पाच दिवसांत ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकायची, तीस दिवसांत वाटायची. एका माणसाला वर्षात १० हजारांच्या वर जात असेल तर १० टक्के टीडीएस, पॅन नसेल तर २०. आणि एकाच प्रकारच्या शेअरवर मोठ्या भावाला जास्त, धाकट्याला कमी असं होत नाही, शेअरप्रमाणंच.

बायबॅक, म्हणजे कंपनीनं आपलेच शेअर परत विकत घ्यायचे, अशी आणखी एक वाट सांगतात. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत त्यावर टॅक्स कंपनी भरायची, १ ऑक्टोबर २०२४ पासून मिळालेली पूर्ण रक्कम डिव्हिडंड धरायला लागले, आणि २०२६ च्या बजेटनं तेही बदललं. हे नियम सारखे हलतात, नव्या कंपनीनं या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

पायरी ७: उचल बंद करा

हे आधी सांगायला पाहिजे होतं खरं तर. एकाच्या मुलीचं लग्न ठरलं, कंपनीत पैसे पडून होते, १५ लाख कंपनीतून घेतले, टॅलीत "डायरेक्टर लोन" म्हणून नावे टाकले, आणि चार महिन्यांनी ऊसबिल आलं तसे परत भरले. एक रुपया बुडवला नाही. तरी ते १५ लाख त्याच्या उत्पन्नात आले, डिव्हिडंड म्हणून. वर कंपनीनं टीडीएस कापला नाही म्हणून ती वेगळी वसुली. तो माणूस आमच्या ऑफिसात येऊन म्हणाला, मी चोरी केली काय?

चोरी नव्हे, कलम २(२२)(ई). मोजक्या लोकांच्या कंपनीनं १० टक्के किंवा जास्त मतदानाच्या शेअरहोल्डरला कर्ज किंवा उचल दिली, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम डिव्हिडंड धरतात. परत केली तरी सुटका नाही, सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये तारुलता श्याम प्रकरणात हेच धरलं. तुमचा जिथं २० टक्के हिस्सा आहे अशा दुसऱ्या फर्मला कंपनीनं कर्ज दिलं तरी लागू. साठलेला नफा ४ लाखच असेल तर ४ लाखांपुरतंच, हा एक दिलासा. शिवाय कंपनी कायद्याचं कलम १८५ डायरेक्टरला कर्ज द्यायलाच आडवं येतं, ते वेगळं.

सुटतं काय? खऱ्या धंद्याचा ॲडव्हान्स सुटतो. तुमची कंपनी तुमच्याच भावाच्या फाउंड्रीला कास्टिंगसाठी ॲडव्हान्स देते, ऑर्डर आहे, माल आला, तर ते कर्ज नव्हे, सीबीडीटीनं, म्हणजे इन्कम टॅक्सच्या केंद्रीय मंडळानं, २०१७ च्या १९ नंबरच्या सर्क्युलरमध्ये हे मान्य केलंय. आणि तुम्ही आधी कंपनीला दिलेले पैसे तुम्ही परत घेत असाल तर तीही उचल नव्हे. म्हणून दर महिन्याला टॅलीत तुमचं खातं उघडून बघायचं: जमा बाजूला शिल्लक असेल, म्हणजे कंपनीच तुमचं देणं लागत असेल, तर निर्धास्त घ्या, पण ती शून्यावर आली की थांबा. पेट्रोल, किराणा, पोरांची फी कंपनीच्या कार्डावरून जाते आणि अकाउंटंट ती तुमच्या नावावर टाकतो, असं थोडं थोडं करत शून्य कधी ओलांडलं ते मार्चमध्ये कळतं, आणि मार्चमध्ये कळून उपयोग नसतो, कारण दिलेल्या दिवशीच ते डिव्हिडंड झालेलं असतं.

पायरी ८: एक भाऊ बाहेर पडतो तेव्हा

भाऊ म्हणतो मला नको कंपनी, माझे शेअर तू घे, १० रुपयांचा शेअर आहे, १० रुपये दे. ऐकायला गोड. पण कंपनीच्या नावावर जागा असेल तर शेअरची सरकारी किंमत काढताना ती जागा पुस्तकी किमतीला नाही, गाइडन्स व्हॅल्यूला धरतात, हे ११यूए नियमात आहे. मशिनरी मात्र पुस्तकी किमतीलाच. त्यामुळं १० रुपयांचा शेअर कागदावर ३०० रुपयांचा निघतो, आणि विकणाऱ्या भावाला ३०० मिळाले असं धरून त्याच्यावर गेन लागतो. घेणारा भाऊ सुटतो, कारण भाऊ नातेवाईक या व्याख्येत बसतो. २४ महिन्यांच्या वर धरलेले शेअर असतील तर दर १२.५ टक्के, तरी न मिळालेल्या पैशांवर टॅक्स तो टॅक्सच.

मग विकायचेच कशाला, त्यानं गिफ्ट द्यावेत. सख्ख्या भावाला गिफ्ट दिलं तर देणाऱ्याला गेन नाही आणि घेणाऱ्याला उत्पन्न नाही. पण चुलत भाऊ या कायद्यात भाऊ नव्हे, आपल्याकडं एका घरात वाढलेले असले तरी. आणि गंमत अशी की काकानं पुतण्याला दिलं तर चालतं, पुतण्यानं काकाला दिलं तर पुतण्या हा काकाचा नातेवाईक धरत नाहीत. गिफ्ट डीड करा, शेअर नावावर करायचा एसएच-४ फॉर्म भरा, कंपनीच्या मेंबर रजिस्टरात नोंद करा. आणि शेअर द्यायच्या आधी पायरी ३ मधली ती पाच वर्षं संपलीत काय, ते तारीख लावून बघा, कारण बाहेर पडणारा भाऊ कधी कधी बाबांचेच शेअर घेऊन बाहेर पडत असतो.